पोरं एकमेकांना सांभाळतायत, आपण मधे येऊ नये

शाळेतलं एखादं मूल गेलं, मग ते अपघातात असू दे, सहलीत पाण्यात बुडून असू दे, आजारानं असू दे नाहीतर स्वतःहून, की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आपल्याकडे एक वाद हमखास सुरू होतो. एका बाजूचे लोक म्हणतात की ही पिढीच कोरडी निघाली, मोबाईलनं यांच्या संवेदना मारून टाकल्या, वर्गातला मित्र गेला तर हे करणार काय, काळा फोटो लावून स्टेटस टाकणार आणि संध्याकाळी परत रील बघत बसणार. दुसऱ्या बाजूचे म्हणतात की अहो उलट आहे, मुलं फार नाजूक झालीयत, त्यांच्यासमोर विषयच काढू नका, शाळेनं एक दिवस सुट्टी द्यावी, दोन मिनिटं शांत उभं करावं आणि लगेच सिलॅबस पुढे न्यावा, बोर्डाचं वर्ष जवळ आलंय. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर रात्री बारापर्यंत हे चालतं, टीव्हीवर चार चौकटीत चार माणसं बसून हेच बोलतात, आणि एवढ्या सगळ्यात त्या शाळेतली मुलं त्या आठवड्यात एकमेकांशी कशी वागतायत हे बघायला कुणी जात नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. शाळेवर असा आघात होतो तेव्हा सगळ्यात आधी आणि सगळ्यात नीट वागतात ती बहुतेक वेळा तेरा ते सतरा वयाची पोरंच. त्यांचं वागणं अगदी साधं असतं, कुणाच्या नजरेतही येत नाही असं, पण अशा काळात आशा धरायला माझ्या मते त्याच्याइतका भक्कम आधार दुसरा नाही. म्हणून मोठ्यांचं पहिलं काम हे की त्यांच्या या वागण्याला जागा द्यायची, आणि दुसरं काम, जे जास्त अवघड आहे, ते हे की त्या वागण्याच्या आड स्वतः लपायचं नाही.

हे हवेत बोलत नाही. माझी वहिनी तालुक्याच्या एका शाळेत नववीला शिकवते. त्या वर्गातला एक मुलगा क्लासवरून घरी येताना रस्त्यावर अपघातात गेला. शाळा, गाव, नाव, काही सांगत नाही, सांगायची गरजही नाही. सुट्टी संपून शाळा भरली त्या दिवशी वहिनी हजेरी घ्यायला उभी राहिली आणि जसजसा त्याचा नंबर जवळ यायला लागला तसा तिचा आवाज बसायला लागला, पेन हलेना. तेव्हा त्याच्या पुढच्या नंबरचा मुलगा, जो एरवी तीनदा हाक मारल्याशिवाय ओ देत नाही, तो आपला नंबर यायच्या आधीच उभा राहून म्हणाला, "हजर मॅडम." म्हणजे मधला नंबर मॅडमना उच्चारावाच लागला नाही. दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्या दिवशीही. कुणी शिकवलं नव्हतं, वर्गात तसं काही ठरलंही नव्हतं. गेलेल्या मुलाचा धाकटा भाऊ त्याच शाळेत सहावीत. त्याच्या घरावरून ज्यांचा रस्ता जातच नाही अशी दोन-तीन मुलं सकाळी सायकली वळवून त्याच्या दारात थांबायला लागली, आणि वहिनीनं विचारलं तर ती मुलं म्हणाली, "काही नाही मॅडम, असंच, इकडून रस्ता चांगलाय." रस्ता खड्ड्यांचा आहे, सगळ्या गावाला माहितीय.

आता यात थोडं थांबून विचार केला पाहिजे की या मुलांकडे दुसरा मार्ग होता तरी कुठला? आपल्याकडे घरात माणूस गेलं की काय करायचं याची सगळी रीत ठरलेली आहे. सुतक असतं, दहावा-तेरावा असतो, शेजारचे पिठलं-भात पाठवतात, नातेवाईक येऊन नुसते बसून राहतात. ज्याला बोलायला जमत नाही त्यालाही काहीतरी करायला मिळतं. पण वर्गमित्राला कुठलं सुतक? बाकावर शेजारी चार वर्षं बसलेल्या मुलीला कोण भेटायला येतं? ती ना घरची, ना भावकीतली, तिच्यासाठी आपल्या कुठल्याच रीतीत जागा नाही. शाळा देते ती दोन मिनिटं, तीही ग्राउंडवर रांगेत, सावधानमध्ये. मग मुलं आपली रीत आपणच तयार करतात, हजेरीची, सायकलची, बाकावर पेन ठेवायची, डब्यातला घास काढून ठेवायची, आणि आपण मोठे त्याला पोरकटपणा म्हणतो नाहीतर अभ्यासातून लक्ष उडालं म्हणतो. मला वाटतं पिढीला कोरडी म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं की आपण त्यांना दुःख करायची कुठली पद्धत दिली होती जी त्यांनी मोडली.

पहिला आक्षेप मला मान्य आहे आणि तो हलका नाही. हीच पोरं एकमेकांना छळतातही. जाड्या म्हणून, काळी म्हणून, जातीवरून, ग्रुपमधून काढून टाकून, फोटो फिरवून. आज सायकल वळवणारा मुलगा चार महिन्यांनी दुसऱ्या कुणाची टर उडवताना दिसेल, दिसतोच. म्हणून "आजची मुलं किती संवेदनशील" असलं सर्टिफिकेट मी अख्ख्या पिढीला देत नाहीये, तसं देणं म्हणजे उलट्या बाजूनं तीच चूक करणं, मुलांकडे न बघता मुलांबद्दल बोलणं. पण आशा धरायला माणूस देवमाणूसच असायला पाहिजे अशी अट आपण कुठे घालतो का? मोठ्यांच्या बाबतीत तर नाहीच घालत. पूर आला की ज्या भाऊबंदांची बांधावरून कोर्टात केस चालू असते तेच एकमेकांची जनावरं सोडवतात, आणि तेव्हा आपण म्हणतो माणुसकी अजून शिल्लक आहे. मग पोरांना वेगळी फूटपट्टी का?

आणि फोनचं. फोनमुळे मन मेलं हे म्हणणाऱ्यांना मला दक्षिण कोरियातली एक गोष्ट सांगायची आहे. १६ एप्रिल २०१४ ला सेवोल नावाची बोट इंचॉनहून जेजू बेटाकडे जाताना बुडाली. बोटीवर ४७६ माणसं होती, त्यातली ३२५ आन्सान शहरातल्या दानवॉन हायस्कूलची मुलंमुली, सहलीला निघालेली. एकूण ३०४ जण गेले, त्यात या एका शाळेची २५० मुलं. बोट कलत असताना स्पीकरवरून परत परत सांगत होते की जागच्या जागी थांबा, हलू नका, आणि कॅप्टन मात्र आधीच बाहेर पडला. मदतीसाठी पहिला फोन कुणी केला माहितीये? कर्मचाऱ्यांपैकी कुणी नाही, त्या शाळेच्या एका विद्यार्थ्यानं, स्वतःच्या मोबाईलवरून. पलीकडून त्याला अक्षांश-रेखांश विचारले, एका शाळकरी पोराला. तो मुलगा वाचला नाही. नंतर मुलांचे फोन सापडले, त्यातल्या व्हिडिओंमध्ये मुलं एकमेकांना विचारताना ऐकू येतात, तुला लाईफ जॅकेट मिळालं का, माझं घे. मोबाईल हातात घेऊन वाढलेली पोरं होती ही. कलत्या बोटीत ती एकमेकांकडे बघत होती.

पण मला त्या शाळेबद्दल जास्त महत्त्वाचं वाटतं ते नंतरचं. वाचलेल्या ७५ मुलांपैकी बहुतेक जण दोन महिने एका केंद्रात राहून २५ जूनला परत शाळेत आले. गेटवर गेलेल्या मुलांचे आईवडीलही उभे होते. कल्पना करा, तुमचं मूल गेलंय आणि त्याच्याच वर्गातलं दुसऱ्याचं मूल परत आलंय, आणि त्या परत आलेल्या मुलाला तुमच्या डोळ्यात डोळे घालायचेत. कुठलाही मोठा माणूस असता तर शाळा बदलून, शहर बदलून गेला असता, आणि कुणी दोषही दिला नसता. या मुलांनी काय केलं? तीन आठवड्यांत त्यांच्यातली चाळीसच्या आसपास मुलं आन्सानहून सोलला, त्यांच्या संसदेपर्यंत, दोन दिवस पायी चालत गेली. मागणी एकच की आमचे मित्र का मेले ते खरं सांगा. तिथे गेलेल्या मुलांच्या आईबापांचं उपोषण चालू होतं आणि ही पोरं त्यांच्या बाजूला उभी राहायला गेली. तेव्हाही बोलणारे बोललेच की मुलांना कुणीतरी वापरतंय, हे राजकारण आहे. ज्याचं जळतं त्याला कळतं, दुसरं काय.

इथे सगळ्यात वजनदार आक्षेपाकडे येतो. काही लोक, आणि त्यात मी ज्यांचा फार मान ठेवतो असे कार्यकर्ते आहेत, ते म्हणतात की हे आशेचं बोलणंच धोक्याचं आहे. मेणबत्त्या, फुलं, मुलांच्या चिठ्ठ्या, किती गोड, किती हृदयस्पर्शी, आणि तेवढ्यात फाईल बंद. रस्त्याचा कंत्राटदार सुटतो, सहलीला बिनालाईफगार्ड घेऊन जाणारे सुटतात, शाळेची परवानगी देणारा अधिकारी बदली होऊन जातो. हे खरं आहे आणि इतिहासानं पुन्हा पुन्हा दाखवलंय. १६ जुलै २००४ ला तामिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत स्वयंपाकघरातून आग लागली, वर गवताचं छप्पर, चिंचोळा जिना, ९४ लहान मुलं जळून गेली. तिथे कुणाच्या कोवळ्या मनाच्या कौतुकानं काय होणार होतं? वेल्समध्ये अॅबरफॅन गावात २१ ऑक्टोबर १९६६ ला खाणीच्या कचऱ्याचा डोंगर शाळेवर घसरला, ११६ मुलं आणि २८ मोठी माणसं गाडली गेली. जगभरातून लोकांनी त्या गावासाठी पैसे पाठवले आणि सरकारनं उरलेले ढिगारे हलवायला त्याच मदतनिधीतून दीड लाख पौंड घेतले. ते परत मिळायला १९९७ उजाडलं. लोकांचा चांगुलपणा होता तसा वापरला गेला, आणि ज्यांची जबाबदारी होती त्यांनी हात वर केले.

तर हा आक्षेप मी पूर्ण मानतो. पण त्यातून निघणारा निष्कर्ष मानत नाही, की म्हणून मुलांच्या चांगुलपणाबद्दल बोलूच नये. दानवॉनची मुलं काय करत होती ते परत बघा. मित्राच्या आईजवळ जाऊन बसणं आणि संसदेसमोर जाऊन जाब विचारणं, हे त्यांच्यासाठी दोन वेगळे विषय नव्हतेच. मित्राची आठवण ठेवायची म्हणजे तो का गेला हेही विचारायचं, इतकं साधं गणित. आपणच मोठे लोक ते तोडतो, रडणारी मुलं आपल्याला चालतात, त्यांचे फोटो चालतात, विचारणारी मुलं चालत नाहीत. वहिनीच्या शाळेतल्या मुलांनी ज्या वळणावर मित्र गेला तिथे स्पीड ब्रेकर पाहिजे म्हणून अर्ज लिहिला होता, सगळ्या वर्गाच्या सह्या घेऊन, तर त्यांना सांगण्यात आलं की हे तुमचं काम नाही, अभ्यास करा. कोण म्हणालं ते सांगण्यात अर्थ नाही, जवळजवळ कुठल्याही शाळेत, कुठल्याही गावात कुणीतरी हेच म्हणालं असतं. पण जरा विचार करा, त्या अर्जाइतकं प्रेमाचं आणि त्याच वेळी व्यवहाराचं दुसरं काय असू शकतं? नागरिकशास्त्राच्या पुस्तकात आपण त्यांना जे शिकवतो तेच त्यांनी केलं होतं, आणि परीक्षेत त्याला पाच मार्कांचा प्रश्नही असतो.

तिसरी बाजू रोजच्या वेळापत्रकाची. बरेच शिक्षक कळकळीनं सांगतात की मुलांना सावरायला घंटा, तास, गृहपाठ यासारखं औषध नाही, आणि त्यांना मी खोटं पाडू शकत नाही कारण ते खरंच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी परिसर हादरला आणि लातूर-उस्मानाबादच्या गावांत हजारो माणसं झोपेतच गेली. त्यानंतर शांतीलाल मुथ्था आणि भारतीय जैन संघटनेनं तिथली सुमारे १२०० मुलं पुण्याला आणून त्यांच्या राहण्या-शिकण्याची सोय केली. ज्यांचं घर, अंगण, कधी अख्खं गोत गेलेलं, अशा मुलांना शाळा मिळणं ही केवढी गोष्ट होती हे महाराष्ट्रात कुणाला सांगायला नको. रोज सकाळी उठवणारं कुणी असणं, शेजारच्या कॉटवर आपल्यासारखंच दुःख घेऊन आलेलं दुसरं पोर असणं, यातनं माणूस उभा राहतो. तर वेळापत्रकाला माझा विरोध नाही. माझा विरोध वेळापत्रकाच्या नावाखाली तोंडाला कुलूप लावण्याला आहे.

अॅबरफॅनमध्ये तेच झालं. वाचलेली मुलं रस्त्यावर खेळायला जाईनात, कारण ज्यांची मुलं गेली त्यांना आपण खेळताना दिसू, त्यांना लागेल. एवढी जाण त्या लहान पोरांना होती! आणि त्या जाणिवेचं ओझं त्यांनी एकट्यानं वाहिलं कारण मोठ्यांपैकी कुणी त्यांच्याशी त्याबद्दल बोललं नाही, तेव्हा बोलायची पद्धतच नव्हती. तेहतीस वर्षांनी वाचलेल्यांपैकी ४१ जणांचा अभ्यास झाला तेव्हा जवळजवळ निम्म्यांना त्या आघातातून आलेला मानसिक आजार आयुष्यात कधी ना कधी झालेला निघाला. गप्प बसल्यामुळेच तसं झालं असं मी म्हणणार नाही, डोळ्यांदेखत वर्ग गाडला गेलेली मुलं ती. पण गप्प राहिलं की मुलं विसरतात, हा जो आपल्याकडे ठाम समज आहे, तो तिथे तरी खोटा ठरला.

दानवॉनमध्येही हा वाद पेटला होता. गेलेल्या मुलांचे दहा वर्ग होते तसेच ठेवले होते, बाकांवर फुलं, चिठ्ठ्या, खाऊ. मग नवीन मुलं आली, वर्ग अपुरे पडायला लागले आणि त्यांचे पालक म्हणाले की आमच्या मुलांनी किती वर्षं शोकाच्या घरात शिकायचं? दुष्ट नव्हते ते लोक, त्यांचीही पोरंच होती. शेवटी २०१६ मध्ये ते वर्ग बाक-फळ्यांसकट दुसऱ्या इमारतीत हलवले आणि शाळेत परत तास सुरू झाले. दोन्ही बाजूंना जड गेलं. पण निदान तिथे दोन वर्षं त्या बाकांवर लोकांना जाऊन बसता आलं, आपल्याकडे रिकामा बाक दुसऱ्याच दिवशी उचलून स्टोअररूममध्ये टाकतात, मुलांना न विचारता, त्यांच्याच भल्यासाठी म्हणे.

मुलग्यांबद्दल वेगळं बोललं पाहिजे कारण त्यांचं तर कुणी बघतच नाही. मुली रडल्या तर निदान रडू देतात. चौदा-पंधराच्या मुलाला मिसरूड फुटायला लागलं की "रडतोस काय पोरीसारखा" सुरू होतं, मग तो रडत नाही, तो मित्राच्या भावाची सायकल पंक्चर झाली की काढून देतो, मित्राच्या आईला गॅसची टाकी चढवून देतो, क्रिकेटच्या टीममध्ये त्या सहावीतल्या पोराला घेतो आणि मुद्दाम सोपा बॉल टाकतो. त्याची दुःख करायची भाषा ही अशी हातापायाची असते. "मुलांवर काही परिणाम दिसत नाही" असं म्हणणारे पालक याकडे बघतात का? आपल्या परंपरेत तर हे ओळखीचं असायला पाहिजे होतं. आईवडील गेलेली ती चार भावंडं आठवा, लोकांच्या बोलण्यानं दुखावून ज्ञानदेव आत ताटी लावून बसले तेव्हा दाराबाहेर उभं राहून त्यांना समजावणारी होती मुक्ताबाई, सगळ्यात धाकटी, आणि तीही त्याच दुःखातली. सातशे वर्षं आपण ते गातो. आणि आपल्या घरातली धाकटी मुलगी मैत्रिणीला तासभर फोनवर सावरत असते तेव्हा आपण म्हणतो ठेव तो फोन.

आता एक मर्यादा, आणि इथे मला कुणी गैरसमज करून घेतलेला नको आहे. पोरांना एकमेकांचे कौन्सेलर बनवायचं नाही. चौदा वर्षांच्या मुलीनं मैत्रिणीच्या जीवाची जबाबदारी अंगावर घ्यायची नसते. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या आणि राज्यांमध्ये महाराष्ट्र सगळ्यात वर होता. अशा वेळी मित्रांना खूपदा आधीच काहीतरी कळलेलं असतं, पण "कुणाला सांगू नको, शपथ आहे" म्हणून ती गप्प बसतात, प्रेमापोटीच गप्प बसतात. तर त्यांना हे स्पष्ट शब्दांत सांगावं लागतं की ही शपथ मोडायची असते, लगेच मोठ्या माणसाला सांगायचं, आणि सांगितल्यावर तू चुगली केलीस असं कुणी म्हणणार नाही. मुलगा किंवा मुलगी स्वतःहून गेली असेल तर मोठे फोटो लावून, भाषणं करून त्याचा सोहळाही करायचा नसतो, बाकीच्या नाजूक मनांना त्यातनं भलताच संदेश जातो. याला शिकलेलं माणूस लागतं. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाईनचा नंबर सरकारनं ऑक्टोबर २०२२ पासून सुरू केलाय, फुकट आहे, मराठीतही बोलतात, तो नववीच्या वर्गात फळ्याशेजारी का लिहिलेला नसतो? पाढे आणि सुविचार असतात ना?

आणि चांगुलपणा आपोआप येतो, त्याला काय करायचं, असं म्हणणाऱ्यांना जपानचं कामाइशी दाखवावंसं वाटतं. ११ मार्च २०११ चा भूकंप आणि त्सुनामी. समुद्राजवळ शेजारी-शेजारी दोन शाळा, एक माध्यमिक, एक प्राथमिक. भूकंप थांबताच माध्यमिकची मुलं उंचावर धावत सुटली, त्यांना बघून प्राथमिकची मुलं निघाली, आणि मोठ्यांनी छोट्यांचे हात धरले. वाटेत पाळणाघरातली बाळं भेटली तर त्यांच्या गाड्या ढकलत नेल्या. पहिल्या ठिकाणी धोका दिसला तर आणखी वर, मग आणखी वर. दोन्ही शाळांची मिळून सुमारे ५७० मुलं वाचली. पण त्याच शहरात हजाराहून जास्त माणसं गेली, वाचलेल्या कित्येक मुलांनी घरचं कुणी ना कुणी गमावलं. बाहेरचे लोक चमत्कार चमत्कार म्हणायला लागले तेव्हा ती मुलंच म्हणाली की हा चमत्कार नाही, सराव आहे. काही वर्षं गुन्मा विद्यापीठाचे प्रोफेसर कातादा तिथल्या शाळांबरोबर काम करत होते, दोन्ही शाळांनी एकत्र ड्रिल केलेलं होतं, मोठ्यांनी छोट्यांना घेऊन पळायचं हे पायांना माहीत होतं. म्हणजे हात धरणं हेसुद्धा शिकवता येतं, त्याचाही सराव करता येतो. आणि त्याच दिवशी मियागी प्रांतात ओकावा शाळेत सराव आणि निर्णय दोन्ही कमी पडले, ७४ मुलं गेली, आणि आईबापांना कोर्टात लढून शेवटचा निकाल मिळायला २०१९ उजाडलं. मुलांना सगळं येतं म्हणून मोठ्यांना सुट्टी मिळते असं कुणी यातून काढू नये.

"पण आत्ताच्या स्पर्धेत या सगळ्याला वेळ कुठाय" हे शेवटी ऐकायला मिळतंच. वेळ किती लागतो? शाळा भरल्यावर पहिला एक तास, पुस्तक न उघडता. बाकाचं काय करायचं, हजेरीत नंबराचं काय करायचं हे वर्गाला विचारायला दहा मिनिटं. मुलांनी लिहिलेला अर्ज ग्रामपंचायतीला, बांधकाम खात्याला शाळेच्या शिक्क्यानिशी पाठवायला एक पाकीट. जन्मदिवस आणि वर्षश्राद्धाच्या तारखा वर्गशिक्षकाच्या डायरीत लिहून ठेवायला एक मिनिट, कारण त्या दिवशी पोरं कावरीबावरी होतात आणि नेमका त्याच दिवशी कुणीतरी शिक्षक त्यांना गृहपाठावरून उभं करतो. शाळांमध्ये बऱ्याच समित्या असतात, परिवहनाची असते, सखी सावित्री असते, पालक-शिक्षक संघ असतो, तर येत्या जूनमध्ये पहिल्या सभेला एवढा एक विषय घ्या की आपल्या शाळेवर अशी वेळ आली तर पहिल्या आठवड्यात कोण काय करणार, घरी कोण जाणार, वर्गात कोण बोलणार, कुणाला फोन करायचा. आणि ते ठरवायला बसाल तेव्हा नववी-दहावीच्या दोन मुलामुलींना बोलवा, चहाचे कप उचलायला नाही, मत द्यायला, आणि ते काय म्हणाले ते इतिवृत्तात त्यांच्या नावानिशी लिहा.